कानाला हात पोचला की पहिली

वाचनालयाच्या काकांनी मला शाळेच्या फाटकात गाठलं आणि म्हणाले, सुनंदाबाई, यंदाच्या दिवाळी अंकात तुम्ही लिहायचं, तुमच्या नोकरीबद्दल. माझ्या हातातला झाडूच खाली पडला. मी म्हटलं, काका, मी सातवी नापास, शाळेत शिपाईबाई, मी काय लिहिणार, सकाळी घंटा वाजवली टण टण, दुपारी वाजवली टण टण, झाला लेख. ते म्हणाले, तेवढंच लिहा, आणि सायकलवर बसून गेलेसुद्धा.

मी घाबरट आहे, हे आधीच सांगून टाकते म्हणजे पुढे तुम्ही हसणार नाही. मी चामटोलीची. लहानपणी गुरुजी रस्त्यात दिसले तरी मी बांधाच्या पलीकडे बसून राहायची. आणि नशीब बघा, लग्न होऊन बदलापुरात आले आणि नोकरी मिळाली ती शाळेतच, म्हणजे ज्याला भ्यायची त्याच्याच घरात. आमची शाळा नगरपालिकेची, पहिली ते चौथी, चार वर्ग, एक ऑफिस आणि मागे एक सामानखोली. माझं काम काय, तर झाडणं, माठ भरणं, घंटा, खडू, टपाल नेणं, साहेब आले की चहा. आणि एक काम कागदावर नव्हतंच, ते म्हणजे पोरं धरून आणणं.

ते का, तर पट. पट म्हणजे हजेरीबुकात किती नावं आहेत ती. पट खाली गेला की वर्ग तुटतो, वर्ग तुटला की एक बाई दुसरीकडे बदलून जातात, आणि माझ्यासारखी टेंपररी असेल ती तर सरळ घरी. मी तेव्हा टेंपररीच होते. आमच्या हेडमास्तरीण, त्यांना आम्ही मोठ्या बाई म्हणायचो, त्या जूनमध्ये मला म्हणाल्या, "सुनंदा, पहिलीला पोरं कमी आहेत. त्या नवीन बिल्डिंगांच्या कामावर बघ. कानडी माणसं आलीत. पोरं नुसती वाळूत लोळतात."

मी म्हटलं, "बाई, मला कानडी कुठं येतं?"

"मला तरी कुठं येतं? जा तू."

गेले. आता माझी तेव्हाची अवस्था सांगते. माझी सोनू नऊ महिन्यांची होती. आमचे हे शहाडला कारखान्यात, सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे, सासूबाई गावी, पोरीला बघायला कोणी नाही. म्हणून मी तिला शाळेतच घेऊन जायची आणि सामानखोलीत गोधडीवर ठेवायची, मोडकी बाकं, नकाशे, झेंड्याची काठी, त्यांच्यामध्ये माझी सोनू. मोठ्या बाईंना माहीत होतं का? माहीत होतं. बोलल्या का? नाही. फक्त खोलीच्या दारापाशी आल्या की जरा मोठ्याने खोकायच्या, म्हणजे मी सावध व्हावं. एवढी समजूतदार बाई, पण नियम तो नियम, शिपायाचं मूल शाळेत चालत नाही, कळलं तर माझ्या नोकरीची ऑर्डर बंद.

तर कामावर गेले. चार माळ्यांचा सांगाडा, खाली पत्र्याच्या खोपट्या. एक बाई डोक्यावर घमेलं घेऊन उतरत होती, उंच, काळी, कपाळभर कुंकू. ही यल्लम्मा. तिची मोठी पोर रेणव्वा, आठेक वर्षांची असेल, कडेवर भाऊ घेऊन उभी, त्याचं नाव मल्लू, आणि मल्लूच्या तोंडात वाळू. मी माझ्या मोडक्या हिंदीत सुरू केलं, पोरीला शाळेत पाठव, फुकट आहे, पुस्तकं मिळतात. यल्लम्माने घमेलं खाली ठेवलं, कमरेची चंची काढली, पानाला चुना लावला, तंबाखू चोळली, सगळं सावकाश, मी आपली बोलतेच आहे बोलतेच आहे. मग म्हणाली, "ये इस्कूल को गई तो छोटे को कौन देखता? मैं ऊपर, वो नीचे, लोहा गिरा तो?"

मग तिने माझ्याकडे नीट बघितलं. माझ्या ब्लाऊजवर दुधाचा ओला डाग आला होता, सोनूची वेळ झालेली.

"तेरेको भी छोटा है ना? तू नोकरी को आई तो उसको कौन देखता?"

आता मला खोटं बोलता येत नाही असं नाही, येतं, पण घाबरले की खरंच बाहेर पडतं. मी सांगून टाकलं, शाळेतच ठेवते, मागच्या खोलीत.

यल्लम्मा हसली. पानाने दात लाल. "तो फिर मेरा भी रख."

झालं. दुसऱ्या दिवशी रेणव्वा आली कडेवर मल्लू घेऊन. तिच्या मागे आणखी पाच पोरी, कडेवर चार बाळं. एकीला भाऊ नव्हता, तर ती कोणाचंतरी शेळीचं पिल्लू घेऊन आली होती, ते मी परत पाठवलं. मोठ्या बाई ऑफिसच्या दारात उभ्या. बाळं बघितली, माझ्याकडे बघितलं आणि एवढ्या मोठ्याने खोकल्या की दुसरीचा वर्ग पाढे म्हणायचा थांबला.

मग नाव लिहायची वेळ आली. नाव लिहायला जन्मतारीख लागते. यल्लम्माला विचारलं, रेणव्वा कधी झाली? ती म्हणाली, शहाडला पाण्याची टाकी बांधत होतो तेव्हा, पाया भरून झाला होता. आणि मल्लू? तो इथेच, याच बिल्डिंगचा दुसरा स्लॅब भरला त्या दिवशी. या लोकांचं सगळं असंच, कुठल्या इमारतीचं कितवं काम चाललं होतं त्यावरून पोराचं वय. मला तर ते बरंच पटलं, इमारत तरी दिसते डोळ्यांना. पण हजेरीबुकात टाकी लिहिता येत नाही. मग आमच्याकडे एक जुनी पद्धत आहे, मूल उभं करायचं, उजवा हात डोक्यावरून घ्यायला सांगायचा, डाव्या कानाला बोटं पोचली की सहा वर्षं पुरी, पहिलीत घ्या. आणि तारीख? एक जून. ज्याला तारीख नाही त्याला एक जून. आमच्या शाळेत एक जूनला इतकी पोरं जन्मली आहेत की सरकारी दवाखान्यात त्या दिवशी उभं राहायला जागा नसेल.

रेणव्वाचा हात तर कानाच्या खाली गळ्यापर्यंत गेला. बाकीच्यांचं मात्र एकेकीचं कठीण. एकीचा हात दोन बोटं कमी पडला, मी हळूच म्हटलं, मान वाकडी कर, मान. मोठ्या बाई म्हणाल्या, "सुनंदा, मान एवढी वाकडी केली तर माझा हात गुडघ्याला पोचेल." पण लिहिलं नाव. त्या पोरींना मराठी येत नव्हतं, म्हणून मी त्यांना खुणेने पक्कं शिकवलं होतं, कोणी मोठं माणूस वही-पेन घेऊन समोर आलं की हात डोक्यावरून कानाला, म्हणजे नाव राहतं. रोज दोनदा करून घ्यायची. ही माझी हुशारी. पुढे काय झालं ते सांगतेच.

तर शाळा सुरू झाली. वर्गात सहा पोरी, सामानखोलीत माझी सोनू धरून सहा बाळं. खोलीला खिडकी नाही, दार बंद केलं की भट्टी, म्हणून दार अर्धं उघडं आणि दारात आडवं बाक. आमचे हे शहाडहून येताना उल्हासनगरला उतरून एका सिंधी शेठकडून तुकडा बिस्किटं आणायचे, फुटकी बिस्किटं, पिशवीभर. शेठ ह्यांना विचारायचा, "साईं, इतना टुकड़ा, घर में कुत्ता पाला है क्या?" हे म्हणायचे, "नहीं शेठ, शाळा पाली है." मी प्रत्येक घंटेनंतर खोलीत एक चक्कर मारायची. घंटा, बाळ, खडू, बाळ, चहा, बाळ. सुट्टीत पोरी धावत यायच्या, आपापलं उचलायच्या, नाक पुसायच्या, परत ठेवून वर्गात. रेणव्वा सगळ्यांची मुकादम. तीन महिन्यांत मराठी अशी बोलायला लागली की मलाच दटावायची, "मावशी, मल्लूला बिस्किट जास्त नको, पोट झरतं त्याचं." आणि वाचायला! दुकानाच्या पाट्या, सिमेंटची गोणी, माझ्या साडीवरचा शिक्का, जे दिसेल ते वाचायची.

दिवाळीनंतर टपाल आलं. पट एकदम वाढला म्हणून वरच्यांना संशय, की नावं खोटी आहेत. कारण काही ठिकाणी लिहितात म्हणे तशी, पोर नाही पण नाव आहे. तर तपासणीचे साहेब येणार, पोरं एकेक उभी करून मोजणार, जी नसतील त्यांची नावं कापणार. मोठ्या बाईंनी कागद वाचला, घडी केली, मला म्हणाल्या, "सुनंदा, उद्या सगळ्या पोरी हव्यात. आणि उद्या सामानखोलीत फक्त सामान हवं."

एकीकडे रेणव्वाचं नाव, दुसरीकडे माझी ऑर्डर. मी काय केलं, शाळा सुटताना पोरींना बजावलं, उद्या बाळं आणू नका. सोनूलाही शेजारच्या काकूंकडे ठेवलं, हातापाया पडून.

सकाळी साहेब आले, स्कूटरवर, राखाडी सफारी, खिशाला दोन पेनं. मी घंटा दिली. पोरं रांगेत. एक, दोन, तीन... कानडी पोरींपैकी एकसुद्धा नाही. मी किती मूर्ख! बाळं आणू नका म्हटलं, म्हणजे पोरी येऊ नका असंच झालं की. बाळं ठेवणार कुठे त्या? हे मला, जिने स्वतःचं बाळ पाच महिने तिथेच ठेवलं, तिला कळू नये?

मोठ्या बाई साहेबांना गोड आवाजात म्हणाल्या, "साहेब, आधी चहा घ्या ना." आणि माझ्याकडे असं बघितलं की मी चहाचं आधण ठेवलं आणि तशीच मागच्या फाटकातून पळाले. पदर खोचलेला, चपला हातात, शेतातून आडवी, कुंपणाची तार साडीला लागली, फाटली, फाटू दे. कामावर पोचले तर रेणव्वा खोपटीसमोर मल्लूला धरून बसलेली, पुढ्यात पुस्तक उघडं. मी ओरडले, "चल! चल! सगळ्या चला!"

"मावशी, तू नको म्हणाली बाळं."

"मी गाढव आहे! घेऊन चल!"

वर सांगाड्यावरून यल्लम्मा ओरडली, "क्या हुआ बाई?"

"साहेब आया! नाम काटता!"

यल्लम्मा तिथूनच कानडीत काहीतरी गरजली, आणि चारी खोपट्यांतून पोरी बाहेर. मग आमची वरात, पुढे मी, माझ्या दोन्ही कडेवर एकेक बाळ, मागे सहा पोरी. मागच्या दाराने शिरलो, बाळं सामानखोलीत, बिस्किटांची सगळी पिशवी त्यांच्यामध्ये उलटी केली, दार ओढून घेतलं, पोरी वर्गात ढकलल्या. आणि आधण आटून भांडं करपलेलं. साहेबांना चहा मिळालाच नाही, तो आजपर्यंत राहिला आहे.

साहेब पहिलीच्या वर्गात आले. वही उघडली, पेन काढलं. मी दारात उभी. त्यांनी रेणव्वाकडे बघून विचारलं, "काय गं, पाच आणि तीन किती?"

रेणव्वा उभी राहिली. ताठ. आणि उजवा हात डोक्यावरून घेऊन डावा कान पकडला.

ती उभी राहिली म्हणून बाकीच्या पाच उभ्या राहिल्या. त्यांनीही कान पकडले. ते बघून अख्खा पहिलीचा वर्ग उभा राहिला, त्यांना वाटलं साहेब आले की हेच करायचं असतं, सगळ्यांनी कान पकडले. साहेब मध्ये, भोवती कान पकडलेली पोरं.

"हा काय प्रकार आहे?" साहेबांचा आवाज चढला. "यांना शिक्षा दिली आहे का?"

मोठ्या बाई तोंडाला पदर लावून खोकायला लागल्या, खोकत होत्या की हसत होत्या कोण जाणे. रेणव्वा कान न सोडता म्हणाली, "पाच आन् तीन आठ. साहेब, हात पोचतो. नाव नका कापू."

आणि त्याच क्षणाला सामानखोलीतून मोठ्ठं रडणं आलं. बिस्किटं संपली असणार. एक रडलं, मग दुसरं, मग सगळी. साहेब वळले, मी त्यांच्या आडवी गेले, कशी गेले मला माहीत नाही, आणि एका दमात सांगून टाकलं, "साहेब, बाळं आहेत, पाच, रोज सहा असतात, सहावी माझी, आज काकूंकडे, मोठ्या बाईंना काही माहीत नाही, मीच ठेवते, बाळं नसली तर पोरी येत नाहीत, कामावर लोखंड पडतं वरून, मला काढा पण पोरींची नावं खरी आहेत, प्रत्येकीचा हात मी स्वतः बघितलाय, एकीची मान थोडी वाकडी होती."

साहेब सामानखोलीकडे चालत गेले. दार उघडलं. आत नकाशांवर बिस्किटांचा भुगा, आणि झेंड्याची काठी धरून मल्लू उभा, तो नुकताच उभा राहायला शिकला होता. साहेब वाकले. हातात वही-पेन तसंच. म्हणाले, "तुझं नाव काय रे?"

मल्लूने वही बघितली, पेन बघितलं. रोज दारातून बहिणीचं बघत असणार तो. त्याने काठी सोडली आणि हात डोक्यावर नेला. हात टाळूपर्यंतच पोचला, पुढे जाईना, तेवढ्यात तोल गेला आणि गोधडीवर बसला.

साहेब सरळ झाले, वही मिटली, म्हणाले, "याचं वय कमी आहे. पाचेक वर्षांनी बघू."

मोठ्या बाईंनी घाईघाईने शेरेबुक पुढे केलं. तपासणी झाली की साहेब त्यात शेरा लिहितात, आणि तो शेरा म्हणजे शेवटचा शब्द. ते लिहीत असताना मी भिंतीला टेकून उभी, घरी ह्यांना काय सांगायचं ते जुळवत होते. साहेब गेल्यावर बाईंनी वाचून दाखवला. "पट बरोबर आढळला. सामानखोलीस खिडकी नाही. त्वरित बसवावी."

"आणि माझं?" मी विचारलं.

"तुझं काय? तू सामान आहेस का?"

खिडकीचं एक वेगळंच. त्वरित म्हणजे नगरपालिकेत किती, ते तुम्हाला ठाऊकच आहे. खिडकी बसली तेव्हा त्या सहा बाळांतलं एकही उरलं नव्हतं. अडीचेक वर्षांत एकेक करत सगळ्या बिल्डिंगा पुऱ्या झाल्या, रंग लागला, आणि ही माणसं पुढच्या कामावर निघाली. या नोकरीत हेच वाईट वाटतं मला. आपण नाक पुसायला शिकवावं, अक्षर शिकवावं, आणि इमारत पुरी होते. यांनी बांधलेल्या इमारतीत दुसऱ्यांची पोरं राहायला येतात, ती रिक्षाने इंग्रजी शाळेत जातात. रेणव्वा तिसरीची परीक्षा देऊन नुकती मोकळी झालेली. यल्लम्मा पहिल्यांदा शाळेत आली, फाटकाबाहेर चपला काढून उभी, आत येईना. म्हणाली, "जाते बाई. टेम्पो खड़ा है."

मी ऑफिसात धावले. "बाई, दाखला! लवकर दाखला!" शाळा सोडल्याचा दाखला नसेल तर पुढची शाळा घेत नाही, आणि ही माणसं न सांगता जातात, त्यामुळे यांच्या पोरी दर गावी परत पहिलीत बसतात, नाहीतर बसतच नाहीत. बाईंनी उभ्याउभ्या लिहिला, शिक्का मारला, शाई ओली असतानाच मी घेऊन पळाले. यल्लम्माने तो घेतला, आठ घड्या केल्या, आणि कमरेच्या चंचीत, तंबाखू-चुन्याच्या शेजारी खुपसला.

"अगं अगं, त्यात नको! चुना लागेल, खराब होईल!"

"इसमें रखा तो गुमता नहीं," ती म्हणाली. "दिन में दस बार खोलती मैं."

रेणव्वा टेम्पोत सामानावर बसलेली, मांडीवर मल्लू. माझ्याकडे बघून तिने कान पकडला, डोक्यावरून. मल्लूनेही हात नेला, या वेळी टाळूच्या थोडा पुढे. टेम्पो गेला. मी घरी येऊन ह्यांना म्हटलं, गेला तो दाखला, आठ दिवसांत तंबाखूचा चोथा होणार त्याचा. यल्लम्माला खूप नावं ठेवली मी त्या दिवशी. खरं तर मला रडू येत होतं.

पुढच्या पावसाळ्यात टपाल आलं, पनवेलकडच्या कुठल्याशा शाळेचं. मोठ्या बाईंनी चष्मा लावून वाचलं. सदर विद्यार्थिनीस आमच्या शाळेत इयत्ता चौथीत प्रवेश दिला आहे, परंतु तिच्या दाखल्यावर चुना व तंबाखूचे डाग असल्याने जन्मतारीख वाचता येत नाही, तरी कृपया कळवावी.

मी म्हटलं, "बाई, परत वाचा."

"कुठलं?"

"चौथीत वालं."

त्यांनी परत वाचलं. मग कोरा कागद ओढला, पेन उघडलं आणि मुद्दाम मला विचारलं, "काय गं सुनंदा, रेणव्वाची जन्मतारीख काय?"

"शहाडची पाण्याची टाकी. पाया भरून झाला होता."

"ते मला माहीत आहे. यांना काय कळवू?"

"एक जून," मी म्हटलं. "आणि बाई, खाली लिहा ना, हात पोचतो."

ते काही त्यांनी लिहिलं नाही, सरकारी कागदावर लिहिता येत नाही. पण त्या दिवशी टपालाची वेळ टळून गेली होती तरी मला पाठवलं. सोनूचा हात धरून पोस्टापर्यंत चालत गेले, पाकीट पेटीत टाकलं, आणि आत पडल्याचा आवाज आला तरी तिथेच थोडी उभी राहिले.